खटपट कट्टा: प्लग काढलात ना? मग विचारा

मागच्या अंकात आम्ही सहज लिहून टाकलं होतं की घरात काय बंद पडलंय, काय अर्धवट करून ठेवलंय ते कळवा, आणि मग जो काही पत्रांचा, मेसेजचा आणि फोटोंचा ढीग पडला त्यात अर्धे फोटो स्क्रूचे होते, वस्तूचा एकही नाही. असो. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते: आमचं वर्कशॉप म्हणजे पुण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, रविवारी सकाळी उघडतं, सुतारकाम, शिलाई, सोल्डरिंग, काय वाटेल ते चालतं. नियम एकच. वस्तू ज्याची, स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात. आम्ही शेजारी बसतो, दाखवतो, वेळ पडली तर ओरडतो. या पानावरची उत्तरंही त्याच हिशोबाने वाचा.

प्रश्न: भाऊ, आमच्या घरी लोखंडी कूलर आहे, जुनाच आहे. औंदा पाणी भरताना हात लावला का झिणझिण करते. दुकानदार म्हणते पंप बदला, बायको म्हणते फेकून द्या. चप्पल घालून हात लावला त काही होत नाही. चालते का असं?
— वर्ध्याहून एक वाचक

उत्तर: नाही चालत. (आणि भाऊ नाही, ताई आहे, पण चालेल.) हा अंक हातात पडल्या पडल्या आधी कूलरचा प्लग काढा, मग पुढचं वाचा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या बऱ्याच घरांत आधी काही दिवस ही झिणझिणच येत असणार आणि कुणीतरी चप्पल घालून काम भागवत असणार. चप्पल ओली झाली, फरशीवर पाणी सांडलं, किंवा लहान पोरगं अनवाणी आलं की संपलं.

होतं काय, तर टाकीतला छोटा पंप वर्षानुवर्षं पाण्यात बसून त्याचं इन्सुलेशन जातं, किंवा पंपाची वायर कमी पडली म्हणून कुणीतरी तिला जोड देऊन वरून काळी टेप गुंडाळलेली असते आणि तो जोड पाण्यात लोंबत असतो, टेप पाण्यात टिकत नाही, करंट पाण्यात उतरतो आणि पाण्यातून पत्र्यात. म्हणजे दुकानदार बरोबर सांगतोय, पंप बदला, काही शे रुपयांचं काम आहे. नवीन पंप घेताना वायर एवढी लांब घ्या की जोड टाकीच्या बाहेर, उंचावर, कोरड्या जागी येईल. मोटरच्या वायरी पत्र्याच्या भोकातून जातात तिथे रबराची बुश आहे का बघा, नसेल तर पत्र्याची धार हळूहळू वायर कापते.

पण पंप बदलून प्रश्न अर्धाच सुटतो. खरा प्रश्न असा की करंट पत्र्यात आला तरी तुम्हाला का बसला? अर्थिंग नीट असतं तर तो त्या वाटेने जमिनीत गेला असता. तुमच्या कूलरला दोन पिनचा प्लग आहे का? शंभरातल्या नव्वद लोकांनी तो लावलेला असतो कारण एक्स्टेन्शन बोर्डात तोच बसतो. तीन पिनचा लावा, हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला, रंग खरवडून, नट-बोल्टने घट्ट. आणि भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात खरंच अर्थिंग आहे की नुसतं भोक आहे, हे वायरमनकडून तपासून घ्या. लायसन्सवाला वायरमन बोलवा आणि तो "अर्थिंग नसेल तर न्यूट्रलला जोडून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, कारण न्यूट्रल कुठे तुटली तर अख्खा कूलर लाइव्ह होतो.

शेवटचं. मेन बोर्डात आरसीसीबी (करंट कुठे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवा, ३० मिलिअँपिअरचा. एमसीबी (फार जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आहे ना, असं सगळे म्हणतात, पण एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाला मारायला लागतो त्यापेक्षा कितीतरी पट जास्त करंट गेल्याशिवाय एमसीबी पडतच नाही. आणि पाणी भरताना प्लग काढून भरा, नुसतं बटण बंद करून नाही, बटण चुकून न्यूट्रलवर टाकलेलं असेल तर ते बंद असूनही आतली वायर जिवंतच असते. फेकून देऊ नका, पण हे सगळं होईपर्यंत लावूही नका.

प्रश्न: मिक्सरच्या वरची ती काळी रबरी फुली (कपलर) तुटली. नवीन आणली, पण जुनी निघतच नाही. पकडीने खूप जोर लावला, आता ती अजून घट्ट झालीय असं वाटतं. यजमान म्हणतात नवीन मिक्सर घेऊ.
— साताऱ्याहून एक गृहिणी

उत्तर: घट्ट झालीय असं वाटतं नाही, झालीच आहे, कारण तुम्ही बहुतेक उलट्या बाजूला फिरवताय. यासाठी डावं-उजवं पाठ करायची गरज नाही, एकच गोष्ट लक्षात ठेवा: मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला कपलर फिरवला की सुटतो. कारण सोपं आहे, मोटर पुढे ओढते, भांड्यातलं वाटण मागे खेचतं, त्या ओढाताणीत कपलर कायम घट्टच होत राहावा असे आटे पाडलेले असतात, नाहीतर चटणी वाटता वाटता तो उडून गेला असता. मोटर कुठल्या बाजूला फिरते ते जुना कपलर असतानाच, भांडं न लावता, पटकन एकदा चालू-बंद करून बघा आणि लगेच प्लग काढा.

मग मिक्सर आडवा करून खालची प्लेट उघडा. बऱ्याच मिक्सरमध्ये शाफ्टच्या खालच्या टोकाला खाच असते, तिच्यात मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून शाफ्ट धरायचा आणि वरून कपलर पकडीने फिरवायचा. दोघं लागतात या कामाला, यजमानांना बोलवा, त्यांनाही कळेल नवीन मिक्सर का लागत नाही ते.

आता महत्त्वाचं. कपलर बसवायच्या आधी भांड्यातलं पातं हाताने (फडकं धरून हो!) फिरवून बघा. ते जड फिरत असेल तर भांड्याच्या बुशात (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) हळद-मसाला जाऊन जाम झालंय, आणि तुमचा नवीन कपलर पण तुटणार. कपलर मुद्दाम कमजोर केलेला असतो, भांडं अडकलं तर तो तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. लोक तीन-तीन कपलर बदलतात आणि कंपनीला शिव्या देतात, दोष भांड्याचा असतो. दुकानात जाताना जुना कपलर सोबत न्या, दिसायला सगळे सारखेच असतात आणि बसत एकही नाही.

प्रश्न: मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहते. आईने भारतातून मिक्सर पाठवलाय, माझ्या बहिणीला न्यू जर्सीलाही तसाच. इथे चालेल का? तिथे चालेल का? इथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये महिन्यातून एकदा रिपेअर कॅफे असतो, तिथे नेला तर ते लोक हसतील का?
— आइंडहोवनहून एक वाचक

उत्तर: हसतील कशाला, उलट सगळे भोवती जमतील, ७५० वॉटचा इडली-डोशाचं पीठ वाटणारा राक्षस त्यांनी बघितलेला नसतो. तुम्ही तर या सगळ्या प्रकाराच्या माहेरीच राहताय. रिपेअर कॅफे सुरू झाला तो अॅमस्टरडॅममध्येच, ऑक्टोबर २००९ मध्ये, मार्टिना पोस्टमा नावाच्या पत्रकार बाईंनी सुरू केला. लोकांनी बंद पडलेली वस्तू आणायची, चहा-कॉफी घ्यायची आणि ज्याला येतं त्याच्याबरोबर बसून दुरुस्त करायची. आता जगभर असे हजारो आहेत, मुंबई-बंगळुरातही झाले.

तुमच्याकडे वीज २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच, मिक्सर जसाच्या तसा चालेल. अडचण फक्त प्लगची, आपल्या तीन जाड पिना तिथल्या गोल सॉकेटमध्ये जात नाहीत. स्वस्तातला अडॅप्टर लावू नका, त्यातल्या बऱ्याच अडॅप्टरमध्ये अर्थिंग पुढे जातच नाही. सरळ प्लग कापून तिथला अर्थिंगवाला प्लग बसवा. वायर जुन्या पद्धतीची असेल तर लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. तिकडे तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी. तिथला प्लग उलटासुलटा कसाही बसतो त्यामुळे पहिल्या दोन अदलाबदल झाल्या तरी चालतं, हिरवी मात्र हिरवीच्याच जागी. रिपेअर कॅफेत जाऊन हे काम स्वतःच्या हाताने करा, जाताना चकली नाहीतर चिवडा घेऊन जा.

बहिणीचं अवघड आहे. तिकडे १२० व्होल्ट. मिक्सर जळणार नाही, पण रडत रडत फिरेल आणि ओलं खोबरंसुद्धा वाटणार नाही. तिला व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो मिक्सरच्या वॉटच्या निदान दुप्पट क्षमतेचा, म्हणजे १५०० वॉटचा, कारण सुरू होताना मोटर दणकून करंट घेते. तिथली वीज ६० हर्ट्झ आहे त्याची काळजी नको, मिक्सरची मोटर त्या बाबतीत अजिबात चिकित्सक नसते. पण हा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड ठोकळा असतो, ओट्यावर जागा खातो. मी बहीण असते तर तिथेच मिळणारा, तिथल्या व्होल्टेजसाठी बनवलेला इंडियन मिक्सर घेतला असता आणि आईला तसं सांगितलं नसतं.

प्रश्न: दरवर्षी घरी आकाशकंदील करतो, बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद. सोबत फोटो पाठवलाय. दोन अडचणी: कामट्या वाकवताना मोडतात आणि माळ्यावर ठेवला की पुढच्या वर्षी झुरळांनी कागद खाल्लेला असतो.
— चिपळूणहून एक वाचक

उत्तर: फोटो बघितला, करंज्या सुरेख जमल्यात, शेपट्या मात्र जरा आखूड वाटतात, वाऱ्यावर हलल्या पाहिजेत. कामट्या रात्रभर पाण्यात भिजवा, आणि वाकवताना सालीची बाजू बाहेर ठेवा, आतली गराची बाजू बाहेर आली की तीच आधी फाटते. गाठीला दोरा ओला करून बांधा.

झुरळं कागदासाठी येत नाहीत, खळीसाठी येतात, मैदा आहे तो. पूर्वी बाइंडिंगवाले खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे ते याचसाठी. मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवायचा, मग उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा, खाली उतरवून प्लास्टिकच्या डब्यात काढायचा आणि मग चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवून त्यात. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात मोरचूद घालू नका, पातेलं खराब होतं. आणि मोरचूद विषारी आहे, तो डबा परत स्वयंपाकघरात जाता कामा नये, खळ चाटणारी पोरं घरात असतील तर मोरचूद राहू द्या, झुरळांना खाऊ द्या कागद. आत बल्ब एलईडीच लावा, जुना ४०-६० वॉटचा पिवळा बल्ब कागदाजवळ आला की काय होतं ते तुम्हाला माहीत असेलच.

प्रश्न: मी आठवीत आहे. मला आकाशकंदिलात लुकलुकणारे दिवे स्वतः बनवायचे आहेत, बाजारची माळ नको. बाबा म्हणतात सोल्डरिंग मोठं झाल्यावर. तुम्ही बाबांना सांगाल का?
— नाशिकहून एक वाचक

उत्तर: सांगते ना. बाबा, आठवी म्हणजे मोठीच झाली की. तुम्ही शेजारी बसा म्हणजे झालं.

आता तू ऐक. ५५५ नावाची आयसी घे, आठ पायांची, १९७२ पासून बाजारात आहे आणि अजून दहा-पंधरा रुपयांत मिळते, तुझ्या बाबांनी पण कॉलेजात जाळली असेल एखादी. पाय क्रमांक १ मायनसला. ४ आणि ८ प्लसला. २ आणि ६ एकमेकांना जोड. प्लस आणि ७ च्या मध्ये १ के (म्हणजे १००० ओहमचा) रेझिस्टर, ७ आणि ६ च्या मध्ये ४७ के, आणि २ पासून मायनसपर्यंत १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, त्याच्या अंगावर मायनसची पट्टी असते ती मायनसकडे. ३ नंबरच्या पायातून १ के रेझिस्टर, मग एलईडी, मग मायनस. सेकंदाला साधारण दीड वेळा लुकलुकेल. सावकाश हवं असेल तर ४७ के च्या जागी १०० के लाव. जास्त एलईडी लावायचे असतील तर प्रत्येकाला वेगळा १ के, सगळ्यांना मिळून एक नाही. आठ-दहा आरामात चालतील. पॉवरला चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लवकर संपते, घरात जुन्या वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पडलेला असेल तो वापर. भिंतीतल्या प्लगशी थेट काहीही जोडायचं नाही, हे मात्र बाबांच्या बाजूने.

आधी सगळं ब्रेडबोर्डवर (भोकांची पाटी, तिच्यात सामानाचे पाय नुसते खोचायचे) करून बघ, तिथे सोल्डरिंग लागतच नाही. चाललं की मग २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न. केस बांधून, सुती कपडे घालून, खिडकीजवळ. धूर येतो तो फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरावं म्हणून तारेत घातलेला पदार्थ) असतो, तो नाकात जाऊ देऊ नको, आणि सोल्डरच्या तारेत शिसं असतं म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. एक युक्ती: तार आयर्नला लावून वितळवायची नाही, आयर्नने आधी पाय आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी तापवायची आणि तार त्या तापलेल्या जागेला लावायची, आपोआप पसरते. गोळा झाला तर समज तापलं नव्हतं.

प्रश्न: सासूबाईंचं काळं शिलाई मशीन आहे, पायाचं. बरीच वर्षं बंद होतं. खोबरेल तेल घातलं, आधी चाललं, आता थंडीत चाकच हलत नाही. मेकॅनिक म्हणतो भंगार आहे, पाचशे रुपयांना द्या.
— इचलकरंजीहून एक वाचक

उत्तर: देऊ नका हो! तो पाचशेला घेईल आणि साफ करून किती हजारांना विकेल ते विचारू नका. मशीन जाम नाहीये, खोबरेल गोठलंय. खोबरेल साधारण २४ डिग्रीच्या खाली घट्ट होतं, बाथरूममधली बाटली आठवा, तेच आत झालंय, आणि त्यात जुन्या तेलाचा चिकट थर आणि वर्षानुवर्षांचा धाग्याचा कचरा. मशीनला केसांचं तेल घालायचं नाही, गोडतेल तर मुळीच नाही, ते सुकून व्हार्निशसारखं होतं.

मशीन लाकडी पाटावरून मागे उलटवा, बिजागऱ्या असतात. पट्टा काढा. शटलची जागा उघडून बॉबिन, बॉबिन केस सगळं बाहेर काढा, तिथे हमखास धाग्याची दोन-चार वेटोळी अडकलेली सापडतील, चिमट्याने ओढा. मग जिथे जिथे लोखंड लोखंडावर फिरतं आणि वर तेलाची भोकं आहेत तिथे रॉकेल, नाही मिळालं तर डिझेल, थेंब थेंब, आणि रात्रभर तसंच ठेवा. खाली जुना पेपर अंथरा, जवळ देवाचा दिवा, गॅस काही नको. सकाळी चाक हाताने पुढे-मागे, जोर न लावता, हळूहळू सैल होत जाईल, काळं पाणी निघेल. पुसा, परत घाला, परत पुसा. एकदम मोकळं झालं की मग खरं मशीन ऑइल, पातळ पांढरं येतं ते, प्रत्येक भोकात एक-दोन थेंब. नुसतं रॉकेल घालून चालवायला लागाल तर घासून खराब होईल. आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर शिवत राहा, तेल बाहेर पडायचं थांबेपर्यंत, मग चांगलं कापड. लोखंड बिडाचं आहे, तुमच्या नातीपर्यंत चालेल. टाका सुटायला लागला तर मशीनला दोष द्यायच्या आधी सुई बदला आणि तिची चपटी बाजू बरोबर दिशेला आहे ना बघा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

प्रश्न: एलईडी बल्ब बंद पडले की आतला काळा ठिपका आलेला एलईडी शॉर्ट करून बल्ब परत चालू करतात, असे व्हिडिओ बघितले. खरंच करावं का?
— लातूरहून एक वाचक

उत्तर: करता येतं. आतले एलईडी माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की सगळे बंद, आणि जो गेला त्याच्यावर काळा ठिपका दिसतो. तो ओलांडून जोड दिला की बाकीचे लागतात. पण बहुतेक स्वस्त बल्बांमध्ये ती अख्खी प्लेट थेट घरातल्या विजेला जोडलेली असते, म्हणजे टोपी काढून बल्ब लावून बघणं म्हणजे उघड्या वायरीला हात लावणंच. शिवाय एक का गेला? प्लेट तापते म्हणून. तीच उष्णता उरलेल्यांनाही नेणार, बल्ब काही आठवडे चालेल. शिकायला म्हणून एखादा करा, जिन्यात लावा, टोपी नीट बसवून. घरभर असे बल्ब लावून वीस-तीस रुपये वाचवू नका.

प्रश्न: मायक्रोवेव्ह गरम करत नाही, दिवा लागतो, ताटली फिरते. कसा उघडायचा?
— कोथरूडहून एक वाचक

उत्तर: उघडायचा नाही. आत दोन हजार व्होल्टच्या वरचा कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. आमच्या वर्कशॉपमध्येही उघडत नाही. सर्व्हिस सेंटर.

प्रश्न: आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे. आम्ही सात-आठ रिटायर्ड मंडळी आणि दोन इंजिनीअरिंगची मुलं मिळून तिथे वर्कशॉप काढावं म्हणतोय. थ्रीडी प्रिंटर घेण्यापासून सुरुवात करावी का? कमिटी आवाजाचं कारण काढते.
— डोंबिवलीहून एक वाचक

उत्तर: काका, थ्रीडी प्रिंटरपासून अजिबात नाही. दोन महिने सगळे त्याच्याभोवती उभे राहतील, एक गणपती आणि चार मोबाइल स्टँड निघतील, मग त्यावर धूळ. घरात रोज मोडतं काय? मिक्सर, पंखा, इस्त्री, छत्री, खुर्ची, सायकल. त्याला लागतं ते आधी आणा: चांगले स्क्रू ड्रायव्हर (खरंच चांगले, बोथट झालेला स्क्रू हे निम्म्या दुरुस्त्यांचं मरण आहे), पकड, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, ड्रिल, करवत, रंधा, पटाशी, कानस, शिकंजे आणि एक भरभक्कम टेबल ज्याला वाईस पक्का बसवलेला असेल. नवीन सगळं घ्यायची गरज नाही, प्रत्येकाच्या घरी ड्रिल मशीन आहे आणि वर्षातून दोनदा वापरतात, ती इथे जमा करा, वहीत नोंद ठेवा. आम्ही वाईस आणि निम्मी हत्यारं पुण्याच्या जुन्या बाजारातून रविवारी-बुधवारी जाऊन घेतली. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान आम्ही बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास घेतो, तुम्हाला मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच.

विजेचं काम मात्र आधी आणि खर्च करून: वेगळी लाइन, आरसीसीबी, अर्थिंग, पावडरचं अग्निशामक, गॉगल. आवाजाचं असं करा, ड्रिल आणि करवत सकाळी दहा ते एक एवढंच, आणि पहिल्याच महिन्यात कमिटीच्या सेक्रेटरींचा पंखा दुरुस्त करा. त्यांच्याच हाताने.

या कल्पना परदेशातूनच आल्या असं समजू नका बरं का. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचाराने की पोरं हाताने काम करत करतच शिकतात, शेड बांधणं, वेल्डिंग, विजेचं फिटिंग, सगळं गावाला लागणारं खरं काम. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने फॅब लॅब (यंत्रं वापरून स्वतः वस्तू बनवायच्या कार्यशाळा) काढल्या तेव्हा एमआयटीबाहेरची पहिली या पाबळलाच आली, २००२ मध्ये. मुंबईत २०१३ ला मेकर्स असायलम नावाचं असंच सामायिक वर्कशॉप सुरू झालं, ते पुढे गोव्यात मोयराला गेलं. जमलं तर तुमची दोन इंजिनीअरिंगची मुलं पाबळला पाठवा, बघून येतील. आणि तुमच्यातल्या एकाने तरी बायकांना बोलवा हो, पत्रात एकही दिसली नाही. शिलाई मशीन ठेवा, पण फक्त तेच काम त्यांच्या माथी मारू नका.

प्रश्न: तक्रार आहे. मी तुमच्याकडे पंखा घेऊन आलो, तुम्ही माझ्याच हातात पाना दिलात. मला वाटलं मोफत दुरुस्ती केंद्र आहे. रविवार वाया गेला, पंखा अजून तुमच्याकडेच पडलाय. मग तुम्ही करता काय नक्की?
— पुण्यातलेच एक वाचक

उत्तर: दादा, राग समजतो. पण मोफत दुरुस्ती केंद्र आम्ही नाही आणि व्हायचंही नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पंखे-मिक्सरवाला बसतो ना, त्याचं घर त्याच्यावर चालतं. आम्ही दर रविवारी फुकटात पंखे दुरुस्त करून द्यायला लागलो तर पहिला मार त्याला बसणार, आणि उद्या तो उठून गेला की सोमवारी तुमचा मिक्सर बघणार कोण, आम्ही तर ऑफिसात असतो. आमच्याकडे येतो तो माणूस शिकायला येतो, किंवा ज्या वस्तूला मेकॅनिक हात लावत नाही, आजीचा रेडिओ, तुटकी खेळणी, अशी घेऊन येतो. नुसता पंखा फिरायला हवा असेल तर खुशाल त्याच्याकडे न्या, दीड-दोनशे घेईल, योग्यच घेईल.

पण तुमचा पंखा मी बघितलाय, आणि तो एवढा सोपा आहे की तुम्ही पंधरा मिनिटांत कराल. बटण दाबलं की गुणगुणतो, काठीने ढकललं की फिरतो, म्हणजे मोटर चांगली आहे, कपॅसिटर गेलाय. जुन्यावर लिहिलेलं वाचून तोच घ्यायचा, तुमच्यावर २.५ मायक्रोफॅरॅड, ४४० व्होल्ट लिहिलंय, पन्नासेक रुपयांच्या आत मिळेल. मोठा लावला की जास्त जोरात फिरेल असं दुकानदार सांगेल, ऐकू नका, वाइंडिंग तापेल. येत्या रविवारी दहाच्या पुढे या, कपॅसिटर घेऊन, पाना मी काढून ठेवते.